खाणीचं आंबट पाणी घेऊन खानदेशभर

नरडाण्याला गाडी जेमतेम थांबते. तेवढ्या वेळात मी, माझी मुलगी सुभद्रा आणि जावई भागवत अशी तीन माणसं, लोणच्याच्या दोन मोठ्या बरण्या, कुरडयांची टोपली, सांजोऱ्यांचा डबा आणि दगडांनी भरलेलं एक पोतं एवढं सगळं डब्यात चढवायचं होतं. जावई म्हणाले, "मामा, पोतं राहू द्या. नमुन्याला चार दगड पुरे." मी म्हटलं, "पोतं राहिलं तर मीसुद्धा इथंच राहिलो." मग पोतं चढलं. कसं चढलं ते विचारू नका. गार्ड शिट्टी फुंकून दमला, आतून एका अनोळखी पैलवानानं ओढलं आणि बाहेरून मी ढकललं. गाडी हलली तेव्हा मला हसू आवरेना. साठी उलटली आणि मी पहिल्यांदा धरणगावच्या पलीकडे निघालो होतो, तोही दगड घेऊन.

बरण्यांत लोणचं नव्हतं, पाणी होतं. ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मी मराठी दुसरीपर्यंत शिकलो. तिसरीत बसवलं तेव्हा घरी गुरं राखायला कोणी नव्हतं. तेव्हा अक्षराकडे बघू नका, मजकुराकडे बघा. मजकूर खरा आहे.

भागवत चांद्याकडे एका कोळशाच्या खाणीत पंपावर काम करतात. खाणीत साचलेलं पाणी उपसून बाहेर ओढ्यात सोडायचं, हे त्यांचं काम. पण ते पाणी आपल्या विहिरीसारखं नाही. कोळशात गंधकाचा एक पिवळा चकचकीत दगड असतो. त्याला हवा-पाणी लागलं की तो बिघडतो आणि सगळं पाणी चिंचेच्या कोळासारखं आंबट करून ठेवतो. लोखंडाच्या नळाची बघता बघता चाळणी होते. ओढ्यातली वाळू हळद-कुंकू सांडल्यासारखी पिवळी-तांबडी, मासा औषधालाही नाही. त्या ओढ्याला लागूनच कामगारांच्या खोल्या आणि त्यांतल्या एका खोलीत माझी सुभद्रा.

आखाजीला (अक्षय्यतृतीयेला) सुभद्रा माहेरी आली. झोके झाले, गाणी झाली, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस झाला. जावई न्यायला आले तेव्हा ती झोक्यावरूनच म्हणाली, "मी त्या पानीवर येवाव नही. दारमा मेथी बी उगत नही तठे." तिथे तिनं दोनदा मेथीचा वाफा केला होता आणि दोन्ही वेळा बी जागच्या जागी कुजलं होतं. माहेरी राहीन, सासरी एदलाबादकडे राहीन, पण खाणीवर येणार नाही, असं तिचं म्हणणं. लग्नाआधी खानावळीत जेवून विटलेला माणूस, पुन्हा तिथेच जायचं म्हटल्यावर त्याचा चेहरा कसा होईल तसा जावयांचा झाला.

सुभद्राची माय काही बोलली नाही. चुलीपुढे बसून भाकरी थापत राहिली. बोललो मी. मी म्हटलं, "एवढंच ना? पाणी गोड करून देतो."

हे मी हवेत बोललो नाही. माझ्या शेताच्या नाल्यात चुनखडी आहे. तशी चुनखडी सबंध पश्चिम खानदेशात नाही. हे मी कोणाला विचारलेलं नाही, पण नाही. आता योग असा की जावयांनी खाणीचं पाणी बरण्यांत भरून बरोबर आणलंच होतं, पण ते माझ्यासाठी नव्हे. त्यांच्या वडिलांनी विहीर खोल केली तेव्हा पांढरा दगड निघाला, तो हौदात टाकला की खारं पाणी मऊ होतं, डाळ लवकर शिजते, असं वडिलांचं म्हणणं. खाणीचे साहेब म्हणाले, बघ बाबा करून, जमलं तर वाघिणीनं (रेल्वेच्या मालडब्यानं) मागवू. म्हणजे पाणी चाललं होतं पूर्व खानदेशात, माझ्या याह्याकडे (व्याह्याकडे), माझ्या दारावरून. मी म्हटलं, "आधी इथला दगड."

अंगणात मातीच्या परळात ते पाणी ओतलं आणि माझी चुनखडी टाकली. अशी फसफसली की आळीतली कुत्री भुंकली. जावयांकडे साहेबांनी दिलेले निळे कागद होते. आंबट पाण्यात बुडवला की कागद तांबडा होतो, आंबटपणा गेला की निळा राहतो. आधी तांबडा झाला होता, आता निळा राहिला. मी फेटा सारखा केला. जावई हळूच म्हणाले, "मामा, खाणीवर चुन्याचा दगड टाकून पाहिलाय. सुरवातीला असाच फसफसतो. मग त्याच्यावर गंजाची साय धरते आणि दगड झोपतो. पाणी वरून आंबटच्या आंबट निघून जातं."

"तो त्यांचा दगड," मी म्हटलं. "हा झोपायचा नाही."

आणि म्हणून मी निघालो. जावई एकटे गेले असते तर तिकडे याह्यानं आपला दगड पुढे केला असता आणि माझ्या दगडाची बाजू घ्यायला कोणी नसतं.

अमळनेरला एक म्हातारी चढली. आमच्या पायांशी फडकी बांधलेल्या बरण्या बघून तिनं हात जोडले.

"कोठलं तीर्थ शे भाऊ?"

"तीर्थ नाही माय, खाणीचं पाणी शे."

"कोनता देव शे तठे?"

"देव नाही. कोळसा शे."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी गंगेला कुलूप लावलंय. "घोटभर दिधं नही तरी चाली. खोटं कशाला बोलनं," म्हणाली आणि पाठ फिरवून बसली. सुभद्रा पदरात तोंड घालून हसत होती. मी म्हातारीला दोन सांजोऱ्या दिल्या तेव्हा ती जरा निवळली, पण उतरताना बरणीला हात लावून तो कपाळाला लावूनच उतरली.

पुढे एक घोटाळा झाला. वैशाखाचं ऊन, डब्याचं पत्र्याचं छप्पर, माणसावर माणूस. जावयांनी नवा कागद काढावा म्हणून सदऱ्याच्या खिशात हात घातला तर सगळे कागद तांबडे. अंगचा घाम लागून लागून गठ्ठाच्या गठ्ठा वाया गेला होता. मी म्हटलं, "जवाई, तुम्हीच खाणीच्या पाण्यासारखे झालात." ते हसले, पण कसनुसं. आता आंबटपणा गेला की नाही हे ठरवायचं कशानं?

सुभद्रा म्हणाली, "कागद कशाला हवा? मेथी लावू. तुम्ही काय ते दगड टाका, पाणी द्या, मी त्यात मेथी टाकते. उगवली तर मी खाणीवर जाईन. नाही उगवली तर नाही, आणि मग मला कोणी समजवायला यायचं नाही. आप्पा, तुम्हीसुद्धा नाही."

"कबूल," मी म्हटलं.

"कबूल," जावई म्हणाले, पण माझ्याइतकं मोठ्यानं नाही.

धरणगावला उतरून बैलगाडीनं एरंडोल गाठलं. तिथे माझी मावसबहीण सखूअक्का राहते. सुभद्राला पद्मालयाच्या गणपतीला जायचं होतं. अक्कानं कळण्याची भाकरी (ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली), ठेचा आणि फुणके (डाळीचे वाफवलेले मुटके) खाऊ घातले, त्यामुळे मला खरं तर आडवं व्हायचं होतं, पण गाडी जुंपलेली होती. बरण्या अक्काच्या ओट्यावर ठेवल्या आणि निघालो.

पद्मालय हे बघण्यासारखं ठिकाण आहे. जंगलातून चढ चढून जायचं. पळस झडलेले, सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडतात, आणि अचानक पुढे तळं, तळ्यात कमळं. एवढ्या उन्हात ती फुलं थंडगार कशी राहतात, कोण जाणे. देवळात एका चौथऱ्यावर दोन गणपती शेजारी शेजारी बसलेले आहेत, एकाची सोंड डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे. मी जावयांना म्हटलं, "बघा, दोघं देव असून भांडत नाहीत." जावई म्हणाले, "मामा, हे एदलाबादला पोहोचल्यावर लक्षात ठेवा." मी खिशातून चुनखडीचा खडा काढून तळ्याच्या पाण्यात टाकून पाहिला. काही झालं नाही. चांगलं पाणी आहे, हे त्यावरून सिद्ध झालं.

उतरत्या उन्हाला अक्काच्या घरी आलो तर दारात बायकांची जत्रा. ओट्यावर, अंगणात, शेजारच्या लग्नघराच्या मांडवापर्यंत पितळेची भांडी पसरलेली. घागरी, पराती, तपेली, समया, सगळी अशी झळकत होती की डोळ्यांवर हात धरावा लागला. झालं होतं ते असं. एका बरणीचं फडकं ओलं होतं, त्याचा ओघळ अक्काच्या तांब्यावर आला आणि जिथून गेला तिथे पितळ सोन्यासारखं निघालं. चिंच नको, राख नको, घासणं नको. शेजारी लग्न, भांडी काळी, बायका थकलेल्या. अक्कानं आळीला हाक मारली.

"नाना, गुनी पानी शे रे," अक्का मला म्हणाली. "आजून आनेल नही का?"

मी बरण्यांकडे धावलो. दोन्ही काठोकाठ भरलेल्या. जीव भांड्यात पडला. अक्का म्हणाली, "घाबरू नको. मी काय कोनाचं फुकट लेस का? जेवढं लिधं तेवढं इहिरीवरून आनी भरी ठेयेल शे."

जावयांनी घाईनं दोन्ही फडकी सोडली. सुभद्राला हसण्याचा असा झटका आला की खांबाला धरून उभी राहिली. तिचं बघून बायका हसू लागल्या, त्यांना कारण ठाऊक नसताना. मला राग यायला हवा होता. पण एवढी भांडी एकदम चमकताना मी जन्मात पाहिली नव्हती, आणि अक्का तर असं बघत होती की जणू माझ्यावर उपकारच केलेत. मीही हसलो. फक्त सगळ्यांना सांगितलं की भांडी स्वच्छ पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवा आणि मगच चुलीवर चढवा.

मग प्रत्येक बरणीत बोट बुडवून जिभेला लावलं. एक निव्वळ एरंडोलची विहीर निघाली. दुसरी मात्र अजून आंबट होती, फक्त धार जरा गेलेली. अक्कानं तिच्यात भर घालायला नुकतीच सुरवात केली असावी. एक छोटं मडकं भरेल एवढंच कामाचं पाणी उरलं होतं. जावयांची रजा संपत आली होती, पुन्हा चांद्याला जाऊन पाणी आणायला वेळ नव्हता. "मामा," ते म्हणाले, "आता एकच परीक्षा होईल. एकाच दगडाची." 

"मग सोपंच झालं," मी म्हटलं. कोणाच्या दगडाची ते मी बोललो नाही. ते उघडच होतं.

दुसऱ्या दिवशी मोटारीनं जळगावला आलो. जळगाव म्हणजे काय गर्दी. केळीच्या घडांच्या गाड्या, कापसाच्या गिरण्यांचे भोंगे, टांगेवाल्यांची ओरड. स्टेशनाबाहेर चहा घेत उभे होतो तर एक पोलीस आला. दारूबंदीचे दिवस, आणि आमची बरणी अंगावर कांबळं पांघरून बसलेली.

"काय आहे आत?"

"पाणी."

"पाणी कांबळ्यात?"

"आंबट पाणी आहे. दगडाला पाजायचंय," मी म्हटलं.

जावयांनी माझ्या पायावर पाय दिला, पण गोष्ट खरी होती ती मी सांगितली. पोलिसानं फडकं सोडलं, वास घेतला, बोट बुडवलं आणि आम्ही नको नको म्हणेपर्यंत चाटलं. त्याच्या मिशा आधी वर गेल्या, मग खाली आल्या, मग दोन्ही वेगवेगळ्या दिशांना गेल्या. बराच वेळ तो थुंकत होता. चहावाल्यानं त्याला गूळ दिला.

"दारू नाही," तो शेवटी म्हणाला, "पण हे पिणाऱ्याला मात्र धरला पाहिजे."

सुभद्रा म्हणाली, "दादा, मी याच पाण्याशेजारी राहायला जाऊ की नको ते ठरवायला चाललोय आम्ही." पोलिसानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं. मग पोतं स्वतः उचलून आमच्या डब्यात ठेवलं. पोलिसानं माझे दगड उचलले, हे मी घरी आल्यावर पुष्कळांना सांगितलंय.

भुसावळला गाडी बदलण्याऐवजी पुन्हा मोटार धरली. वरणगाव गेलं आणि मुलूख बदलला. आमच्याकडे या दिवसांत जमीन भाजलेल्या खापरासारखी असते. इथे रस्त्याच्या कडेनं केळीचे मळे, हिरवे, गर्द, वाऱ्यावर फडफडणारे. पूर्णा ओलांडली, मुक्ताईला दुरून हात जोडले. याह्याचं गाव एदलाबादच्या अलीकडे, नदीच्या अंगाला. माणसाची बोलीसुद्धा बदलली. केळीला ही माणसं केयी म्हणतात.

तोतारामयाही दारातच उभे होते. उंच, काटक, माझ्याच वयाचे आणि, मी सांगायला नको, हट्टी.

"या याही. पहिले केयी खा, पानी प्या. आमचं पानी आंबट नाही."

"आमचंही नाही," मी म्हटलं. "हे तुमच्या मुलाचं आहे."

रात्री केळीच्या पानावर वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. मी कमी वाढा, कमी वाढा म्हणत एकेक बट्टी खात गेलो. अन्नाच्या बाबतीत त्या घराला नाव ठेवायला जागा नाही.

सकाळी त्यांचा दगड पाहिला. आता प्रामाणिकपणे लिहायचं तर दगड देखणा होता. विहिरीतल्या काळ्या खडकाच्या पोकळीतून निघालेला, फोडला की आत सुयांचा गड्डा, पांढऱ्या झेंडूसारखा. तुळशीभोवती त्यांनी त्याची आरास केली होती. मी म्हटलं, "शोभेला बरा आहे."

"हा पानी पितो," याही म्हणाले. "तुमची चुनखडी नुसती उकयते अन् निजते."

"तुमच्या दगडाला प्यायला किती वेळ लागतो?"

"घेतो आपला सावकाश."

"मग खाण बंद पडेपर्यंत पिऊन होईल."

सुभद्रानं ओट्याच्या मधोमध मडकं ठेवलं, सगळं आंबट पाणी त्यात ओतलं, वाटीभर बाजूला काढून ठेवलं आणि म्हणाली, "कोणाचा दगड ते दोघांनी ठरवा. ठरलं की हाक मारा." आणि सासूबरोबर स्वयंपाकघरात गेली.

ठरलं नाही. मी म्हटलं, मी पाहुणा, माझा मान. ते म्हणाले, घर माझं, मडकं माझं, पोरगा माझा. मी म्हटलं, पोरगी माझी. ते म्हणाले, आता ती माझी. यावर मी ओंजळभर चुनखडी मडक्यात टाकली. मडकं फसफसलं. त्याच क्षणी याह्यांनीही आपले पांढरे खडे ओतले. आम्ही दोघं मडक्यात बघत राहिलो. आता काढता येणार नव्हतं.

जावई आले, बघितलं, आणि सरळ केळीत निघून गेले.

माझे दगड खाली गेले होते आणि त्यांचे वर बसले होते. हे मला बघवेना. याही पानसुपारीला आत गेले तेव्हा मी एक तुरीची काठी घेतली आणि मडकं असं ढवळलं की माझी चुनखडी वर आली. मग मी सावलीत जाऊन पडलो. उठून पाहतो तर त्यांचे वर. मी पुन्हा ढवळलं. दुपारच्या झोपेचं सोंग आम्ही दोघांनी घेतलं होतं, हे मला त्यांच्या घोरण्यावरून कळलं. खरं घोरणं असं मोजून-मापून येत नाही. मी घोरायचो तेव्हा ते ढवळायचे, ते घोरायचे तेव्हा मी. विहीणबाई दारातून म्हणाल्या, "दोघाइले काय झोप लागून रायली का ताक करून रायले?" आम्ही दोघंही एकदम घोरलो.

दुसऱ्या दिवशीही तेच. मडक्यातून दगडांचा खळखळ आवाज, तळाशी पिवळा गाळ, आणि वरचं पाणी, खोटं कशाला सांगू, नितळ व्हायला लागलेलं. मी बोट बुडवून चाखलं. याही माझ्या तोंडाकडे बघत होते. मी चेहरा हलवला नाही. मग त्यांनी चाखलं. त्यांनीही हलवला नाही. पण आम्ही दोघं एकदम उठलो आणि सुभद्राला हाक मारली.

तिनं दोन परळांत माती घेतली. एकात वाटीतलं आंबट पाणी, दुसऱ्यात मडक्यातलं, आणि दोन्हींत मेथी. ते परळ तिनं आमच्या हाती दिले नाहीत, देवघरात ठेवले आणि दार ओढून घेतलं. त्या दिवसांत मी केळीच्या बागेत याह्यांबरोबर फिरलो, घड कसा उतरवायचा ते पाहिलं, मुक्ताईच्या देवळात जाऊन आलो, पण लक्ष सगळं त्या दाराकडे. जावई तर जेवताना भातात वरणाऐवजी मीठ कालवत होते. रजेचा शेवट आला होता. मेथी उगवली तर दोघं जाणार होते, नाही तर एकटे.

एका सकाळी सुभद्रा दोन्ही परळ घेऊन ओट्यावर आली. आंबट पाण्याच्या परळात काळं पडलेलं बी. दुसऱ्यात बारीक बारीक पोपटी कोंब, पाठीवर टरफलं घेऊन उभे. तिनं बोटाच्या टोकानं एकेकाला हात लावला. मग ती जावयांकडे बघून म्हणाली, "गाडी कधीची आहे?"

मी उडी मारली. खरंच मारली, विहीणबाई साक्षीला आहेत. "चुनखडी," मी म्हटलं. "पांढरा दगड," याही म्हणाले. आणि जुंपली. मी म्हटलं, आंबटपणा माझ्या दगडानं मारला. ते म्हणाले, गंज माह्या दगडानं प्यायला. जावयांनी तेवढ्यात मडकं उलटं करून दगड ओट्यावर पसरले आणि उकिडवे बसून बघू लागले. माझी चुनखडी पांढरी स्वच्छ. कुठे साय नाही, गंज नाही. त्यांच्या दगडाच्या सुया झिजून गुळगुळीत.

"मामा, हिच्यावर साय का धरली नाही?"

"माझी आहे म्हणून."

"तुम्ही ढवळत होता?"

मी आकाशाकडे पाहिलं. जावयांनी वडिलांकडे पाहिलं. त्यांनी केळीकडे पाहिलं.

"दोघंही?"

विहीणबाई आतून म्हणाल्या, "रात्रंदिस."

जावई जमिनीवर बसून हसले. मग आम्हाला समजावून सांगितलं. दगडावर दगड घासत राहिला, म्हणून साय धरायला सवडच मिळाली नाही, कायम नवा दगड पाण्याला लागत गेला. पांढऱ्या दगडानं घासलं, चुनखडीनं आंबट मारलं, गंज तळाला गेला. खाणीवर दगड नुसते चरात टाकून ठेवले होते, म्हणून ते झोपत होते. "आता लाकडी पिंपात दोन्ही दगड भरून पंपाच्या पट्ट्यावर फिरवत ठेवतो," ते म्हणाले. "तिथे तुम्ही दोघं नसणार ना."

याही मला म्हणाले, "म्हंजे जिंकलं कोन?"

"ते ठरेल," मी म्हटलं.

भुसावळच्या फलाटावर आम्ही सगळे आलो तेव्हा दोन पोती होती, एक माझं आणि एक त्यांचं. विहीणबाईंनी केळी दिली, मी कुरडया दिल्या. गाडी आली. बाकाखाली एकाच पोत्याची जागा होती, दुसरं दारापाशी ठेवावं लागणार होतं. कोणाचं आत आणि कोणाचं दारापाशी, यावर याही आणि मी डब्यात शिरून भांडलो. मी माझं आत ढकललं, त्यांनी ओढलं, हमाल ओरडला. शेवटी दोन्ही पोती आडवी एकावर एक बसली आणि आम्ही घामाघूम होऊन खाली उतरलो तेव्हा गाडी हलली होती. सुभद्रा खिडकीत होती. काहीतरी म्हणत होती. इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मी हात वर केला, तोही उशिरा.

तिच्याशी मी निघताना एक शब्द बोललो नव्हतो. नीट जेव, पाण्याला जप, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. फलाट रिकामा झाला. याही बाजूला उभे होते, तेही रुळांकडेच बघत होते. "चला, चहा घेऊ," ते म्हणाले. आम्ही चहा घेतला. दगडाचं कोणी बोललं नाही.

मी परतीच्या गाडीत बसलो तेव्हा हात मोकळे होते. अमळनेर गेलं, शिवारं ओळखीची लागली. माणूस प्रवासाला जातो आणि नवा मुलूख बघतो, असं म्हणतात. मी केळीचे मळे पाहिले, कमळं पाहिली, पोलिसाच्या मिशा पाहिल्या. पण सगळ्यात नवल वाटलं ते असं की, एवढी वर्षं मी एकटाच बरोबर होतो आणि माझ्याइतकाच बरोबर असलेला दुसरा माणूस निघाला. दोघं एका मडक्यात पडल्याशिवाय ते कळलं नसतं. हे मी याह्यांना कळवणार नाही.

घरी आलो तेव्हा आळीतली माणसं ओट्यावर जमली. मी सगळं सांगितलं, भांडी, पोलीस, घोरणं. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. माणसं गेली. सुभद्राची माय ताट वाढून बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं, आतून.

"गई पोर?"

"गेली. पाणी गोड झालं. माझ्या चुनखडीनं, त्यांचाही थोडा दगड होता."

तिनं भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाली, "तुमले जिकाले कोनी सांगं व्हतं?"

मी घास हातात धरून बसलो. ही बाई आखाजीपासून चुलीपुढे का गप्प होती, ते मला आत्ता कळलं. पोरगी इथे राहिली असती, नाही तर एदलाबादला, गाडीत बसलं की भेटली असती. मायला पोरीला अडवायचं नव्हतं आणि पाठवायचंही नव्हतं. ते काम तिनं खाणीच्या पाण्यावर सोपवलं होतं, आणि मी पोतं घेऊन निघालो होतो.

तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि म्हणाली, "मेथी कितली उगनी व्हती?"

"बठ्ठी," मी म्हटलं.

"बठ्ठी?"

"एक बी वाया गेलं नाही. कोंब असे उभे, पोपटी."

मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्या ताटात डाळ वाढली, न विचारता, दुसऱ्यांदा.